उजव्या कानापाशी चिंचोका

आमच्या निर्मलाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम चिंचोके असायचे. पेन एक वेळ नसेल, चिंचोके असायचेच. एकदा मी खिसे न तपासता कोट वॉशिंग मशीनमध्ये टाकला आणि तासभर घरात नुसता खडखडाट. मी चिडलो. ती म्हणाली, "मशीन मोडलं का? नाही ना? मग वेचा आणि उन्हात वाळत घाला. माझ्या कामाची वस्तू आहे ती." वेचले. सत्तर वर्षांचा माणूस गच्चीवर उकिडवा बसून चिंचोके वाळत घालतोय हे शेजाऱ्यांनी पाहिलं. पाहू दे.

ती जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात सीटी स्कॅनची इनचार्ज होती. हाताखाली सहा टेक्निशियन, दोन मावश्या आणि एक ट्रॉलीवाला. डोक्याचा पेशंट टेबलावर झोपला की ती त्याला सांगायची, "तुमचा जेवायचा हात वर करा." उजवा हात वर करा असं कधीच नाही. घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं सुचत नाही, पण जेवायचा हात कोणता ते कोणी विसरत नाही, असं तिचं म्हणणं. पेशंट बेशुद्ध असला तर ती स्वतः त्याचा हात धरून उचलायची. मग त्या बाजूच्या कानापाशी, डोकं ठेवायच्या खोबणीत, चिकटपट्टीने एक चिंचोका लावायचा. फोटोत त्या बाजूला पांढरा ठिपका दिसलाच पाहिजे. भलत्या बाजूला दिसला तर फोटो खोलीबाहेर जायचा नाही, मग बाहेर कोणी कितीही आरडाओरडा करो.

नवीन आलेले डॉक्टर हसायचे. एकजण म्हणाला होता, "मॅडम, एवढं मोठं यंत्र आहे. डावं-उजवं ते स्वतःच लिहितं."

"यंत्र आपण सांगितलेलं लिहितं, साहेब," ती म्हणाली. "चिंचोक्याला कोणी काही सांगत नाही."

मी काही शिकलेला नाही. सातवी नापास. एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर बदलण्यात जन्म गेला. लग्न झालं तेव्हा ती दहावी पास होती आणि एका डॉक्टरकडे अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म धुवायची. हाताला त्या औषधाचा आंबट वास यायचा. पुढे तिला धुळ्याला टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. मी म्हटलं जा. दोन वर्षं ती तिथे खोली घेऊन राहिली, शनिवारच्या गाडीने घरी यायची, आणि पोरीच्या वेण्या मी घालायचो. गल्लीतला एकजण बोलला, "बायको धुळ्याला अन् नवरा चुलीपाशी." मी म्हटलं, चूल माझी आहे, तुला काय करायचंय. माणसाने आपल्याविषयी एवढं तरी चांगलं लिहावं, कारण पुढे जे लिहायचंय ते चांगलं नाही.

निर्मला बसायची नाही. यंत्राच्या खोलीत काचेमागे तिच्यासाठी चाकाची खुर्ची होती, तिच्यावर तिची पर्स बसायची. टेक्निशियन पोरी म्हणायच्या, "अक्का, बसा ना पाच मिनिटं." ती म्हणायची, "मी बसले की काहीतरी चुकतं." घरीसुद्धा तसंच. ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची, एक डोळा फोनवर. मी ओरडायचो, "अगं, ताटाचा तरी मान ठेव." ती म्हणायची, "ताट काही पडून जात नाही." पोरगी नाशिकला नांदायला गेल्यावर घरात आम्ही दोघं, आणि त्यातलं एक कायम उभं.

सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी तिच्या खात्यात एक रिवाज होता. सगळ्यांनी यंत्राभोवती उभं राहायचं. मावश्यांनीसुद्धा. ती विचारायची, "काल काय चुकलं?" आणि उत्तर आधी स्वतःच द्यायची. "मी काल एका आजीला दम धरायला सांगितलं आणि सोडा म्हणायला उशीर केला. बिचारी निळी पडायची बाकी होती." मग बाकीच्यांनी आपापलं सांगायचं. कोणी ऐकून हसलं तर त्याला दिवसभर ट्रॉली ढकलावी लागायची. ती म्हणायची, "ज्याला आपली चूक तोंडाने सांगता येत नाही, त्याने माझ्या मशीनला हात लावू नये."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आणि दर वेळी मनात म्हटलं असेल, बाई, तू कोणाला शिकवतेस.

का म्हटलं ते सांगतो.

बावीसेक वर्षं झाली असतील. ती नुकतीच इनचार्ज झालेली. एका दुपारी धरणगावचा एक हमाल आणला, हिलाल नावाचा. जिनिंगमध्ये कापसाने भरलेल्या ट्रकवरून डोक्यावर पडलेला. त्याच्या आधीचा पेशंट पालथा झोपवलेला होता, पाठीतून सुईने तुकडा काढायचा म्हणून, आणि यंत्रालाही तसंच सांगून ठेवलेलं होतं. हिलालला उताणा झोपवला. यंत्राला सांगायचं राहिलं. निर्मला सकाळपासून एकटी, बाहेर रांग, डॉक्टर दारात घाई करतायत. यंत्राने डावं ते उजवं लिहिलं. रक्त साचलं होतं डाव्या बाजूला आणि सर्जनने कवटी उघडली उजवीकडे. तिथे काहीच नाही. मग घाईघाईने दुसरी बाजू उघडली.

माणूस वाचला. उजवा हात गेला. वेळेवर उघडलं असतं तर राहिला असता का, ते कोणी सांगू शकत नाही. सर्जनने घरच्यांना सांगितलं की रक्त दोन्हीकडे होतं म्हणून दोन्हीकडे उघडावं लागलं. घरच्यांनी हात जोडले.

संध्याकाळी ती घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी उद्या त्याच्या घरच्यांना सांगणार. माझ्या हातून झालं म्हणून."

मी म्हटलं, "तोंड बंद ठेव."

"त्यांना कळायला नको?"

"कळून हात परत येणार आहे का? आपल्या वस्तीतली बाई इनचार्ज झाली म्हणून चारजणांच्या पोटात आधीच दुखतंय. ते वाटच बघतायत. डॉक्टरने सांभाळून घेतलंय ना? मग तू कशाला खड्ड्यात उडी मारतेस?"

"पण चूक माझी आहे."

"असू दे तुझी. घरी ठेव ती."

मी ताट सरकवलं आणि बाहेर निघून गेलो. परत आलो तेव्हा ती भांडी घासत होती. मला वाटलं ऐकलं.

त्यानंतरचे दोन-तीन महिने ती घरात येरझारा घालायची. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. भाजी करपायची. माझ्याशी बोलणं म्हणजे हो आणि नाही. मग एका रविवारी म्हणाली, नशिराबादला बहिणीकडे जाऊन येते, तिची तब्येत बरी नाही. पुढच्या रविवारी परत गेली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी आली ती उन्हाने काळवंडून, पण चेहरा शांत. रुमाल सोडला, त्यात मूठभर चिंचोके.

"हे काय?" मी विचारलं.

"चिंचोके."

"ते दिसतंय. बहिणीकडचे का?"

"हं," म्हणाली आणि ते धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवसापासून चिंचोक्याचं सुरू झालं. जेवायला लागली, बोलायला लागली. मी मनात म्हटलं, बघ, माझं ऐकलं म्हणून निभावलं. मित्रांत बसलो की नाव न घेता सांगायचोसुद्धा, बाई कितीही शिकलेली असो, वेळेला तिला आवरणारा माणूस घरात लागतो.

पुढे दर वर्षी होळीनंतर दवाखान्यात कापडी पिशवी यायची, चिंचोक्यांनी भरलेली. अमळनेरच्या गाडीचा कंडक्टर आणून द्यायचा. मी एसटीतला माणूस, मला कंडक्टर लोक ओळखतात, पण मी कधी चौकशी केली नाही. ती म्हणाली होती, एका पेशंटच्या घरून येतात. आभार मानायची लोकांची एकेक पद्धत असते. कोणी केळीचा घड आणतं, कोणी भरताची वांगी. हे चिंचोके पाठवतात, बस.

प्रवीणचं सांगायला हवं. तो तिच्या हाताखालचा टेक्निशियन, हुशार, हात चलाख. एकदा एका म्हातारीला शिरेतून औषध देऊन फोटो काढायचा होता. ते औषध द्यायच्या आधी किडनीचा रिपोर्ट बघावाच लागतो. प्रवीणने रिपोर्ट न बघताच फॉर्मवर 'पाहिला' असं लिहिलं. म्हातारीला काही झालं नाही. पण निर्मलाने संध्याकाळी सगळे फॉर्म तपासले आणि तिला कळलं की रिपोर्ट तर लॅबमधून आलाच नव्हता.

तिने त्याला महिनाभर यंत्रापासून दूर ठेवलं. ट्रॉली ढकलायला लावली. तो रडकुंडीला आला. "अक्का, म्हातारीला काही झालं नाही ना."

"ते तिचं नशीब," ती म्हणाली. "तू लिहिलंस ते तुझं काम. विसरलास म्हणून नाही तुला बाहेर काढलं, खोटं लिहिलंस म्हणून."

हे सगळं तिने घरी येऊन मला सांगितलं, तावातावाने, फडक्याने ओटा पुसत पुसत. त्या दिवशी माझंही डोकं फिरलेलं होतं, गुडघा दुखत होता. मी बोलून गेलो, "बिचाऱ्याला कशाला छळतेस? तू तरी कुठे सांगितली होतीस तुझी?"

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो, आता भांडेल. तिने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "भाकरी गार होतेय तुमची."

एवढंच. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मला वाटलं, वर्मी लागलं. थोडं बरंही वाटलं. खरं ते लिहितोय.

साठ पुरी झाल्यावरही दवाखान्याने तिला सोडलं नाही, आणि तिलाही सुटायचं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. पाठीत कळ जायची. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, तुझ्याच खात्यात फोटो काढून घे. ती म्हणाली, "नको. माझ्या पोरांचे हात थरथरतील. धुळ्याला जाऊ."

धुळ्याला एका सेंटरवर गेलो. तिथल्या टेक्निशियन बाई चाळिशीच्या, नीटस. निर्मला टेबलावर झोपायच्या आधी तिने पर्समधून चिंचोका आणि चिकटपट्टी काढली आणि बाईंपुढे धरली. "हा माझ्या उजव्या कुशीला लावा."

बाईंना कळेना. "मॅडम, पोटाचा स्कॅन आहे. लिव्हर उजवीकडे दिसतंच की."

"एखाद्याचं डावीकडे असतं."

"लाखात एखाद्याचं."

"तो एखादा आज आला असेल तर?"

बाईंनी लावला. मी दारापाशी होतो. आतून यंत्राचा आवाज आला, श्वास घ्या, रोखा, सोडा, अगदी पुस्तकी. तिच्या खात्यातल्या यंत्रात तिने स्वतःचा आवाज भरला होता, खेड्यातल्या बायकांना कळेल असा, दम ल्या, धरी ठेवा, सोडा. ती बाहेर आली आणि सरळ काचेमागे जाऊन पडद्यासमोर उभी राहिली. बाईंनी अडवलं नाही. मग निर्मलाने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान काढलाय."

परतीच्या गाडीत जागा होती, पण पारोळ्यापर्यंत ती दांडा धरून उभी होती. मी विचारलं, "काय आहे?"

"फोटो छान आलाय."

"अगं, पण आहे काय?"

"छान आलाय म्हटलं ना. सगळं स्पष्ट दिसतंय." पारोळा गेल्यावर ती माझ्या शेजारी बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शेजारी ती इतका वेळ बसली असेल ती त्याच दिवशी, जळगाव येईपर्यंत. तेव्हाच मला कळलं.

स्वादुपिंडात गाठ होती. चार महिने. शेवटी ती अंथरुणावर होती आणि घरात येरझारा मी घालायचो. ती म्हणायची, "बसा हो. तुम्ही फिरलात म्हणून काही थांबत नाही." थंडीत गेली. बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. पोरगी पंधरा दिवस राहिली आणि तिलाही जावं लागलं.

तेव्हापासून मला घरात बसवत नाही. ओट्यापासून दारापर्यंत जातो, परत येतो. बस स्टँडवर जाऊन बसतो, गाड्या लागताना बघतो, पुन्हा उठतो. आणि या फिरण्यात तो हिलाल डोक्यात यायला लागला. इतकी वर्षं आला नाही, आता रोज. तिला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. आता तीही गेली, म्हणजे त्या माणसाला खरं सांगणारं कोणी उरलंच नाही, एक मी सोडून. तो जिवंत आहे का, कुठे राहतो, काही माहीत नाही. नुसतं नाव आणि धरणगाव. रोज ठरवायचो, उद्या जातो. रोज स्टँडवरून परत यायचो. काय सांगणार? माझ्या बायकोने तुमची चुकीची बाजू दाखवली आणि मी तिचं तोंड दाबलं?

होळी झाली. आठ दिवसांनी प्रवीणचा फोन आला. आता तोच इनचार्ज आहे. "आबा, पिशवी आलीये. काय करू?"

मी गेलो. यंत्रातला तिचा आवाज बदलून त्याने आपला भरलाय. त्याला वाटलं मला वाईट वाटेल. मी म्हटलं, बरं केलंस, गेलेल्या बाईने जगाला दम धरा म्हणून किती दिवस सांगायचं. पिशवी उचलली, तशीच स्टँडवर नेली. पाठवणाऱ्याला निदान कळवायला तर हवं. अमळनेरच्या गाडीचा कंडक्टर भेटला. मी विचारलं, "ही पिशवी अमळनेरला कोण देतं तुझ्याजवळ?"

"अमळनेरला नाही, आबा. वाटेत धरणगावला. जिनिंगच्या गेटवर बसतो तो माणूस, हिलालभाऊ. डाव्या हाताने देतो पिशवी. उजवा कायम खिशात."

मी त्याच गाडीत चढलो. बसलो नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात चिंचेचं झाड, खाली बाज, बाजेवर तो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. कपाळावर दोन्ही बाजूंनी खुणा. त्याने पिशवी ओळखली, मग माझ्याकडे बघितलं.

"अक्कानं घरनं का?"

"हो. तिचा नवरा मी."

"अक्का कशी शे?"

"गेली. थंडीत."

त्याने पिशवी माझ्या हातून घेऊन बाजेवर ठेवली. "माले वाटनंच. होळीले तिना फोन येस. यंदा नही ऊना."

फोन. दर होळीला. मी उभाच होतो. त्याच्या बायकोने पाणी आणलं. मी घरून जे जुळवत आलो होतो ते सगळं विस्कटलं. तरी म्हटलं, सांगून टाकू. "हिलालभाऊ, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी एक चूक झाली होती..."

"ठाऊक शे माले," तो म्हणाला. "तिनी बठ्ठं सांगं. डावं कसं उजवं व्हयनं ते बी."

"कधी?"

"दवाखान्यातून घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी," त्याची बायको म्हणाली. "तीन रविवार येत होत्या. पहिल्या रविवारी माझ्या दिराने त्यांना दारातून हाकललं. नको नको ते बोलला. दुसऱ्या रविवारी कोणी त्यांच्याशी बोललंच नाही. तिथे, त्या भिंतीपाशी उन्हात उभ्या राहिल्या आणि गेल्या. तिसऱ्या रविवारी यांनीच म्हटलं, बस व माय. पण बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं."

तिसऱ्या रविवारी ही बाई चिंच फोडत बसली होती. निर्मलाने त्यातला एक चिंचोका उचलला, हातात फिरवत राहिली. म्हणाली, कागदावरचं पुसतं, यंत्राला सांगायचं राहतं, हा यंत्रात दिसतो का बघते. जाताना मूठभर मागून नेले. पुढच्या वर्षापासून हे लोक पाठवायला लागले.

"राग नाही आला?" मी हिलालला विचारलं.

"ऊना ना. अजून येस," तो म्हणाला. "हमाली गयी मनी. हाऊ हात देखा." त्याने उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कोणाची वस्तू ठेवावी तसा. "तो तसा बी जाता का, कोनले ठाऊक. पन दवाखानामाईन आठे सांगाले एकच मानूस ऊनं." दवाखान्यातून इथे सांगायला आलेली ती एकटीच.

मग बायकोला खूण केली. तिने आतून पत्र्याची पेटी आणली. पेटीत रेशनकार्ड, सातबारा आणि त्याखाली घडी केलेला कागद. निर्मलाचं अक्षर. मला वाचायला वेळ लागतो, पण तिचं अक्षर स्वच्छ. पेशंट उताणा असताना यंत्राला पालथा सांगितला गेला, चूक माझी, इनचार्ज म्हणून जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव, सही. तिने स्वतः लिहून त्याच्या हातात दिला होता. म्हणाली होती, तुम्हाला जिथे न्यायचा तिथे न्या.

बावीस वर्षं तिची नोकरी या पत्र्याच्या पेटीत होती. आणि ती घरी उभ्याने भाकरी खात होती.

"नेला नाही कुठे?"

"दोनदाव निंघनू," हिलाल म्हणाला. "गाडीमा बसनू बी. मंग परत ऊनू."

"का?"

"ते माले बी ठाऊक नही." त्याने कागद पुढे केला. "आते तुम्हीच ली जा."

"नको," मी म्हटलं. "तो तिने तुम्हाला दिलाय."

त्यांनी जेवायला थांबवलं. मी त्याच्या समोर बसलो. तो डाव्या हाताने जेवत होता, सवयीने, सावकाश. मी माझ्या जेवायच्या हाताकडे बघत राहिलो. शेवटी त्याच्या बायकोला विचारलं, "तिने मला कधीच सांगितलं नाही. तुम्हाला काही बोलली का, का नाही सांगितलं?"

ती भाजी वाढता वाढता थांबली. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, आमच्या यांना वाटतं त्यांनी मला वाचवलं. वाटू द्या. घाबरले होते ते माझ्यासाठी."

पिशवी तशीच परत जायला नको म्हणून हिलालने पिशवीत आणखी दोन मुठी टाकल्या, डाव्या हाताने, मोजून मापून नाही. स्टँडपर्यंत पोचवायला आला. आता तिच्या जागी प्रवीण आहे हे मी जेवताना सांगितलं होतं. गाडी सुटताना म्हणाला, "परवीनले सांगा, पुढला सालले बी धाडसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दवाखान्यात गेलो. साडेसात वाजले होते, पहिला पेशंट यायचा होता. प्रवीण, पोरी, मावश्या यंत्राभोवती उभ्या. रिवाज त्याने चालू ठेवलाय. मी दारात थांबलो. प्रवीणने आधी स्वतःचं सांगितलं, एका पेशंटशी चढ्या आवाजात बोललो. मग एका पोरीने सांगितलं, मग ट्रॉलीवाल्याने. सगळे झाल्यावर त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याने ती चाकाची खुर्ची ओढून पुढे केली. "या आबा, बसा."

"नको," मी म्हटलं. पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. "माझंही एक चुकलंय. कालचं नाही, जुनं आहे. चालेल का?"

कोणी हसलं नाही. प्रवीणने खुर्ची मागे सारली.

"सांगा, आबा," तो म्हणाला.